परेरा रेघ ओलांडत नाही

योजना आखावी तर मीच! स्वतःच सांगतोय म्हणून नाक मुरडू नका, टोरांटोच्या एटोबिको भागातल्या आमच्या मराठी मंडळात कुणालाही विचारा. पिकनिकच्या दिवशी पाऊस येणार असं रेडिओवर सांगितलं की अकरा ताडपत्र्या कोण आणतो? चारुदत्त! त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन पडतं, हा काही माझा दोष नाही.

दोन हजार आठच्या जुलैत मी जी योजना आखली ती तर माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम होती. झालं ते वेगळं. पण योजना म्हणून तिला तोड नव्हती!

मंडळाच्या पिकनिकला दरवर्षी फुटबॉलचा सामना असतो. एका बाजूला आम्ही सॉफ्टवेअरवाले, म्हणजे पुणे, ठाणे, नागपूर वगैरे. दुसऱ्या बाजूला वसईची ख्रिश्चन मंडळी. सात विरुद्ध सात. ही वसईची माणसं चालायला लागायच्या आधी चेंडू मारायला लागतात, आणि आमच्यातले दोघे तर कमरेला पट्टा बांधून मैदानात उतरतात. सहा वर्षं आम्ही ओळीनं हरत होतो. आमचा सर्वोत्तम निकाल आठ-शून्य. त्या दिवशी त्यांचे दोन खेळाडू ट्रॅफिकमध्ये अडकले होते.

हरण्याचं मला काही नाही. खरी भानगड होती नागपूरला. माझे सासरे शरदचंद्र, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दर पिकनिकनंतर त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय जावईबापू, सामन्याचं काय झालं?" पहिल्या वर्षी कॉलिंग कार्डाची दोनच मिनिटं उरली होती. हरल्याची कारणं सांगायला वीस लागली असती. मी म्हणालो, "जिंकलो!" आणि एकदा जिंकलेला माणूस पुढच्या वर्षी एकदम आठ-शून्यनं हरेल कसा? असा मी सहा वर्षं जिंकत गेलो. अण्णांनी अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा जावई कॅनडात कप्तान आहे.

आणि त्या वर्षी अण्णांना व्हिसा मिळाला! विमानतळावर पाया पडायला वाकलो तर आशीर्वादाच्या आधी विचारतात, "सामना कधी आहे?"

"आता खरं सांगून टाक," माझी बायको अरुणा म्हणाली.

"खरं सांगायला काय अक्कल लागते?" मी म्हणालो. "मी योजना आखतो."

योजनेचं नाव होतं एडिल्सन परेरा. माझी नऊ वर्षांची लेक चैत्राली कम्युनिटी सेंटरमध्ये सॉकर शिकते, तिथला हा कोच. अडतीस वर्षांचा ब्राझीलचा माणूस, दारासारखा रुंद आणि दारासारखाच शांत. पंधरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेला बचावपटू! अकरा क्लब झाले. शेवटचा आमच्या टोरांटोतला, तो एका हिवाळ्यात बंद पडला आणि हा इथंच राहिला. वर्षभर आम्ही बाकावर बसून अरुणानं केलेले साबुदाण्याचे वडे खात गप्पा मारत असू. साबुदाणा म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याची आजी तसल्याच पिठाचं काहीतरी करायची म्हणे.

"एडिल्सन, किती गोल मारलेस रे?" मी एकदा विचारलं होतं.

"झीरो," तो अभिमानानं म्हणाला. "माय फ्रेंड, आय ॲम डिफेंडर. पहिल्या कोचनं सांगितलं, तू इथं उभा राहा. मधली रेघ ओलांडू नकोस. मी पंधरा वर्षं ओलांडली नाही."

"नंतरच्या कोचनी काही म्हटलं नाही?"

"नो. कुणी कॅन्सलच नाही केलं."

असा माणूस! मी त्याला अण्णांची सगळी हकिगत सांगितली. सासऱ्यांची भीती जगभर सारखीच असते. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आय विल प्ले."

आता अडचण एकच होती. नियम क्रमांक चार: खेळाडू मूळचा महाराष्ट्राचा असावा. हे नियम मीच लिहिलेले. पण परेरा या आडनावाला आपल्या कोकण किनाऱ्यावर काय तोटा आहे? मी त्याला सावंतवाडीकडचा करून टाकला. लहानपणीच आईवडिलांबरोबर परदेशी गेला, मराठी विसरला, फक्त घरची बोली येते. आणि त्याला बजावलं, "कुणी काहीही विचारलं तरी हसायचं आणि मान डोलवायची. कळलं?" तो हसला आणि त्यानं मान डोलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पिकनिकच्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरी प्रमोदिनीताई यादी घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. बाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

"सावंतवाडीचे का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

एडिल्सननं मान डोलवली आणि पोर्तुगीजमध्ये दोन वाक्यं बोलला. ऊन फार आहे, असं काहीतरी असावं.

"अगंबाई, किती गोड! मालवणी ऐकतच राहावीशी वाटते," पुण्याच्या प्रमोदिनीताई म्हणाल्या. तरी त्यांनी शेवटची परीक्षा म्हणून त्याच्यापुढे साबुदाण्याच्या खिचडीची डिश धरली. एडिल्सननं डोळे मिटून तीन घास खाल्ले आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "माय ग्रँडमदर!"

"साबुदाणा ओळखतो, म्हणजे महाराष्ट्राचाच!" ताईंनी यादीवर बरोबरची खूण केली.

सामना सुरू झाला. अण्णा पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीत, डोक्यावर नागपूरची टोपी. आणि काय सांगू तुम्हाला! वसईचा कप्तान फेलिक्स चेंडू घेऊन सुसाट आला, एडिल्सन दोन पावलं सरकला, आणि चेंडू एडिल्सनच्या पायात! फेलिक्स पुढे तसाच चार यार्ड रिकामा पळाला. डावीकडून आले, एडिल्सन. उजवीकडून आले, एडिल्सन! दोघं एकदम आले तर हा एकाकडे नुसता बघायचा आणि दुसऱ्याकडून चेंडू काढून घ्यायचा. आमच्या गोलकीपरनं तर खिशातून चष्मा काढून पुसला.

एकच त्रास होता. चेंडू काढून घेतला की एडिल्सन तो मधल्या रेघेपर्यंत आणायचा आणि अदबीनं आमच्यापैकी कुणाला तरी द्यायचा. तिथून पुढं आम्ही! मी एकदा मोकळ्या गोलावर मारला तो थेट बार्बेक्यूच्या कोळशात गेला.

"अरे, तूच जा की पुढं!" मी ओरडलो.

त्यानं रेघेकडं बोट दाखवून नकारार्थी मान हलवली.

पण असू दे! हाफटाइमला शून्य-शून्य! सहा वर्षांत पहिल्यांदा! अण्णा उठून आले आणि माझी पाठ थोपटली. "वा, जावईबापू! पण तुम्ही तर दरवर्षी तीन-चार गोल करता नं?"

"यंदा बचावावर भर आहे अण्णा," मी म्हणालो. अरुणा पलीकडं बघायला लागली.

इथवर माझी योजना शंभर टक्के यशस्वी! मग फेलिक्सची आई क्लॅरिसामावशी उठल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात फुग्यांचा डबा. ते वसईचे तळलेले, टम्म गोल पाव हो. मावशी दोन्ही संघांना स्वतः वाढतात. वाढत वाढत एडिल्सनपाशी आल्या आणि थबकल्या.

"नाव काय रे बाबा तुझं?"

"परेरा," एडिल्सन म्हणाला.

"कुठला परेरा? आपल्या वसईतल्या नंदाखालचा?"

तो हसला. मान डोलवली.

मावशींनी डबा खाली ठेवला. त्याचा उजवा कान धरला, मग डावा. "फेलिक्स! इकडे ये! हे कान बघ! आपल्या अंतोनकाकाचे कान! मी फ्रॉक घालत होते तेव्हा काका बोटीवर गेला तो परत आलाच नाही. तुझा आजोबा बोटीनं गेला होता का रे?"

कुणीतरी इंग्रजीत सांगितलं. एडिल्सनचा चेहरा उजळला. या वेळी त्यानं माझ्या सांगण्यावरून मान डोलवली नाही, मनापासून डोलवली. "यस! ग्रँडफादर, शिप! बिग शिप!"

पोर्तुगालहून बोटीनं नाही तर काय पोहत जाणार होता ब्राझीलला? पण हे बोलायचं कुणी? मावशी त्याच्या छातीला बिलगून रडायला लागल्या. तो त्यांच्याहून जास्त रडायला लागला. वसईची सगळी मंडळी धावली. कुणी त्याला मामा म्हणालं, कुणी पुतण्या. पाच मिनिटांत त्याला नंदाखालला चिंचेखालचं घर होतं आणि त्या घरावरून दोघांचं भांडणसुद्धा सुरू झालं.

"मावशी, अहो तो सावंतवाडीचा..." मी म्हणालो.

"तुला काय ठाऊक?" मावशी म्हणाल्या. "तू पुण्याचा!"

तेवढ्यात प्रमोदिनीताई फाइल घेऊन आल्या. "चारुदत्त, नियम क्रमांक पाच. वसईच्या व्यक्तीनं वसईच्याच संघातून खेळावं. तुमचाच नियम आहे."

होता! तीन वर्षांपूर्वी वसईचा ॲरन आपणहून आमच्याकडून खेळायला तयार होता. एवढा चांगला माणूस आपल्याकडं येतोय म्हणजे नक्की हेर, असं म्हणून मीच तो नियम घातला होता.

आता एकच वाक्य बोलायचं होतं. हा वसईचाही नाही आणि सावंतवाडीचाही नाही, मी ब्राझीलचा माणूस चोरून आणलाय! पण तीन फुटांवर अण्णा उभे होते, फुगा खात. मीही एक फुगा उचलून तोंडात कोंबला.

"मग, आमच्याकडून खेळणार ना?" फेलिक्सनं एडिल्सनला विचारलं.

एडिल्सन हसला. मान डोलवली.

दुसऱ्या हाफचं वर्णन मी करणार नाही. सात गोल झाले एवढंच सांगतो. एडिल्सननं एकही मारला नाही, तो मधल्या रेघेच्या मागंच उभा होता, फक्त आता त्यांच्या बाजूला. शेवटच्या मिनिटाला कसा कोण जाणे, चेंडू माझ्या पायाशी आला आणि समोर तो एकटा! "पळा जावईबापू, पळा!" अण्णा खुर्चीवर चढून ओरडत होते. निदान एक गोल! सात-एकसुद्धा चालला असता मला! मी एडिल्सनकडं केविलवाणं बघितलं. सगळं ठाऊक होतं त्याला. त्यानंही माझ्याकडं अतिशय मायेनं बघितलं, आणि चेंडू काढून घेतला.

मी पालथा पडलो होतो. त्यानं हात देऊन उठवलं. "सॉरी माय फ्रेंड. प्रोफेशन."

परत जाताना गाडीत आम्ही घरचेच होतो. एडिल्सन मावशींच्या घरी जेवायला गेला होता. हायवेला लागल्यावर मला राहवेना. खोटं बोलून बोलून माणूस थकतो हो! म्हटलं, आज होऊन जाऊ दे. आणि मी अण्णांना सगळं सांगितलं. क्लब, पंधरा वर्षांची कारकीर्द, ब्राझील, सावंतवाडी, सगळं.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "सहा वर्षं तुम्ही फोनवर जिंकत होते, मी ऐकून घेतलं. अरुणा मागाहून मला खरा आकडा सांगत होती, तरी ऐकून घेतलं. म्हटलं, घरचा माणूस आहे, चालायचंच. पण आता तुम्ही म्हणता, ब्राझीलचा पंधरा वर्षं खेळलेला माणूस तुमच्याकडून खेळून राहिला होता?"

"खरंच अण्णा! चैत्राली, सांग गं आजोबांना, तुझा कोच कुठला आहे?"

मागच्या सीटवरून चैत्रालीनं फुगा खाता खाता डोकं वर केलं. "वसई, आय गेस. एव्हरीबडी सेड सो, बाबा."

अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तसं त्यांनी आठ-शून्य ऐकूनही बघितलं नसतं. मग तोंड खिडकीकडं वळवलं.

"थापेला काही मर्यादा असते बाप्पा!"

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी खरं बोललो होतो हो मी!