शेजारची खाट

लेखकांना कसं सांभाळायचं हे मला कुणी शिकवायचं नाही! एका वाङ्मयीन त्रैमासिकाचा मी सहसंपादक. कुणाची कविता कुणाच्या लेखाला खेटून छापायची नाही, मेळाव्यात कुणाला कुणाच्या मागे बसवायचं नाही, सगळं मला तोंडपाठ. आमची लिहिणारी मंडळी म्हणजे एका पोत्यात कोंबलेली मांजरं. आणि पोत्याचं तोंड माझ्या मुठीत!

तर आमचे दादा, कादंबरीकार, हॉस्पिटलात होते. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढून टाकलेलं. बोलायचं ते पाटीवर लिहून. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. आणि नेमका तेव्हाच अंक आला. त्यात सरांनी, म्हणजे आमच्या समीक्षकांनी, दादांच्या नव्या कादंबरीची सालटी काढली होती. मी ठरवलं, अंक दादांच्या हाती लागू द्यायचा नाही.

"अंक आला का हो, भाऊजी?" वहिनी रोज विचारायच्या.

"छापखान्यात अडकलाय, वहिनी!"

मी छापखान्याचं यंत्र दोनदा बिघडवलं. मालकाच्या सासूबाईंना एकदा आजारी पाडलं.

तेवढ्यात सरांच्या लेकीचा फोन. सरांचा एक डोळा आधीच गेलेला, आता दुसऱ्याचा पडदा सुटला होता. मी धावलो. त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन ठरवलं आणि काउंटरवरच्या बाईंना ऐटीत सांगितलं, "आमचे दोन्ही पेशंट जवळजवळ ठेवा हं! मला एकाच फेरीत उरकतं." मला म्हणायचं होतं, एका मजल्यावर. बाई पडल्या भल्या!

दुसऱ्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच खिळलो. खिडकीपाशी दादा. शेजारच्या खाटेवर सर! डोळ्यांवर पट्टी, पडदा बसावा म्हणून पालथे, तोंड उशीत. एकाला दिसत नाही, एकाला बोलता येत नाही! सिस्टर दोघांनाही 'आजोबा'च म्हणत होत्या, आणि सरांची लेक डबा ठेवून ऑफिसला पळालेली.

मी काउंटरकडे धावलो. "खोली बदला!"

"तुम्हीच म्हणालात ना जवळ? आता एक खाट रिकामी नाही."

परत आलो तर पावलांवरून सरांनी ओळखलं. "कोण रे, सहसंपादक का? ये! शेजारी फार सज्जन मिळालाय. सकाळपासून माझं बोलणं एकदाही तोडलं नाही. साहित्यात असा माणूस नाही! त्यांना माझा नवा लेख सांगत होतो, अंकातला."

दादांनी पाटी माझ्याकडे वळवली. 'अंक आलाय म्हणे?'

धरणी पोटात घेईना!

वहिनी ताडकन उठून माझ्या कानाशी फुसफुसल्या. "थांबा, सांगतेच यांना इथे कोण झोपलंय ते!" दादांनी त्यांचं मनगट धरलं. लिहिलं, 'बोलू दे.'

"ऐका," सर उशीत गरजले. "'तिने दार लावलं, पण कडी लावली नाही. कुणी येणार होतं म्हणून नव्हे, येणार नव्हतं म्हणूनही नव्हे. कडीच गंजली होती.' दोन पानं नुसती कडी! आणि पुढे..." पुढचा अख्खा परिच्छेद म्हटला, स्वल्पविरामांसकट!

दादा डोळे मिटून होते. ओठ बरोबरीने हलत होते. मग त्यांनी लिहिलं, 'एवढी हिनेही वाचलेली नाही.'

"वाचलीय हो," वहिनी पुटपुटल्या. "थोडी राहिलीय."

मग रोज हेच. सर एकेक प्रकरण फाडायचे. थांबले की दादा खाटेच्या दांडीवर चमचा वाजवायचे, आणि सर खूश! एकदा सरांचा शब्द चुकला. टक टक! सर थबकले. "बरोबर. 'उंबरठा' नव्हे, 'पायरी'. म्हणजे तुम्हीही वाचलीय? अरेरे! मग माझ्या यातना तुम्हाला कळतील."

दादांचे खांदे हलले. त्या घशातून आवाज येत नव्हता, पण ते हसत होते. वहिनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

एका दुपारी, सर झोपेत असताना, दादांच्या घशातून रक्त सुरू झालं. माणसं धावली, खाटच ढकलत घेऊन गेली. दादा परत आले नाहीत.

कागदांवर सह्या करून मी आणि वहिनी सामान न्यायला खोलीत आलो. सर जागे होते. मोकळ्या जागेला सांगत होते, "शेवटाबद्दल मात्र मी लेखात लिहिलंच नाही. खरं सांगू? नावं ठेवायला काही सापडेना. तसा शेवट मला जमला असता, तर मी समीक्षा कशाला लिहिली असती?" मग कान देऊन थांबले. "झोपलात का?"

मला सांगावंच लागलं. कोण होतं तेही.

सरांनी चाचपडत खाटेची दांडी धरली. मग विचारलं, "आत्ता बोललो ते... ऐकलं त्यांनी?"

वहिनी दादांचा सदरा घडी करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ऐकलं."

त्या पिशवी घेऊन गेल्या. मी तिथेच बसलो. सरांनीच विषय बदलला. "तुझीही कथा आहे ना रे अंकात? लेकीने वाचून दाखवली."

लाज वाटते सांगायला, पण तशातही माझी छाती फुगली! "कशी वाटली, सर?"

"छान होती."

"म्हणजे... कुठला भाग?"

सरांनी आठवायचा फार प्रयत्न केला. मी आशेने उशीकडे बघत राहिलो.

"छान होती रे," ते म्हणाले.