राजधर आप्पांचा पेनांचा गोठा

आमच्या शहाद्यातल्या एका लग्नात, अक्षता पडून दहा मिनिटंही झाली नव्हती तोच राजधर आप्पा स्टेजवर चढले, नवरदेवासमोर वाकले आणि म्हणाले, "दात दखाडा." नवरदेव बिचारा सकाळपासून सगळ्यांचं ऐकतच होता. त्याने आ केला. "तुम्हना नही हो," आप्पा म्हणाले, "पेनना!" आणि सासऱ्याने दिलेलं भारी पेन त्याच्या कोटाच्या खिशातून काढून, टोपण उघडून, त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. मागे आहेराची रांग मांडवाच्या दारापर्यंत गेली. नवरीची आई हात जोडून उभी होती. निकाल "जनावर खरं शे" असा लागला, तेव्हा कुठे जेवणाच्या पंगती बसल्या.

आप्पा गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण म्हैस अडली की लोक अजून त्यांच्याच दारात येतात. मी त्यांची भिंतीपलीकडची शेजारीण. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझ्याकडे पेनं असणारच असा त्यांचा समज होता. ओळख झाली त्या दिवशीच त्यांनी माझं पेन अंगठ्याने खसाखसा चोळलं, नाकाशी धरलं आणि तसंच परत दिलं. मला आपण नापास झाल्यासारखं वाटलं.

त्यांची पद्धत अशी. बैलाचं वय जसं दातांवरून, तसं पेनाचं निबवरून. मग अंगाचा वास. चोळल्यावर जळक्या रबराचा वास आला तर एक पिढी, कापराचा आला तर दुसरी, आणि कसलाच आला नाही तर "आते दुकानमाईन उना." त्यांना नवीन पेनांत रस नव्हता. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनी एखादं पेन पहिल्यांदा काढलं, ती पहिली खेप त्यांना हवी असायची. म्हैस तपासायला धानोऱ्याला गेले तरी इंजेक्शन भरता भरता विचारायचे, "घरमा जुना पेन शे का?" लोक प्रेमाने शोधून आणायचे. एकाने तर आजोबांची कुंकवाची लाकडी नळी आणली होती. तीही त्यांनी चोळून, हुंगून पाहिली.

बाजारपेठेतल्या कापडवाल्या शेठजींनी सुरतेहून एक महागडं जुनं पेन आणलं आणि आठवडाभर सगळ्या पेठेला दाखवलं. आप्पांनी भिंग लावलं. "धड एकनं, टोपण दुसरानं. संकरित शे."

"डॉक्टरसाब, ये क्या भैंस है?" शेठजी भडकले.

"म्हैस ऱ्हाती तं दूध तरी देती," आप्पा म्हणाले आणि चहा न पिता उठले. शेठजी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पेन मात्र दुसऱ्याच दिवशी सुरतेला परत गेलं, कारण आप्पांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. "मानसबद्दल एक वेळ खोटं बोलो," ते म्हणायचे, "जनावरबद्दल नही." सख्ख्या साडूलाही... चुकले, त्यांना साडू असायचा प्रश्नच नव्हता. लग्न केलंच नाही. का, म्हणून विचारलं तर "ऱ्हाई गयं, ताई," एवढंच म्हणायचे, भाजीत मीठ घालायचं राहून जावं तसं.

त्यांच्या घरी लसी ठेवायच्या निळ्या पेटीत एकेचाळीस पेनं होती. गाईच्या कानात मारतात तसला पिवळा बिल्ला प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेला, आणि रजिस्टरमध्ये नोंद. जात, वय, खोड. खोडीच्या रकान्यात "शाई गळते", "थंडीत अडते" असं काय काय. ही नोंद ते साध्या बॉलपेनने करायचे. पेटीतल्या एकानेही कधी लिहीत नसत. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "वळूले नांगरले जुपतस का?"

या गोठ्यात एक जागा रिकामी होती. एका जर्मन घराण्याच्या जाड काळ्या पेनाच्या नंतरच्या तिन्ही खेपा त्यांच्याकडे होत्या. "नातू शे, पोऱ्या शे, बाप शे. पन आजा नही." हा आजा कसा ओळखायचा, हे भिंतीवरून ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. टोपणावरच्या तीन कड्या नंतरच्या खेपांत सोनेरी मुलाम्याच्या, पहिल्या खेपेत मात्र चांदीच्या. अंगाला कापराचा वास. तीस वर्षं ते हा आजा शोधत होते.

आणि तो माझ्या मामाच्या घरी, कळसाडीत निघाला.

मामा केळी लावायचे. तरुणपणी साखर कारखान्याची मशिनं बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबाची जीप त्यांनी काही महिने चालवली होती. साहेबाने जाताना खिशातलं पेन काढून त्यांना दिलं. मामांनी आयुष्यभर रोज दुपारी त्याने वहीत एक ओळ लिहिली. कुठल्या शेताला पाणी दिलं, कोण आलं, कोण गेलं. मामा वारले. शेताच्या वाटण्या दोघा भावांनी गुण्यागोविंदाने केल्या, आणि भांडण लागलं ते पेनावरून. धाकट्या गोकुळने मोबाईलवर तसल्या पेनाची किंमत पाहिली होती. थोरला हिरामण म्हणाला, खरं असेल तर विकू आणि निम्मं निम्मं करू. खरं-खोटं कोण ठरवणार? मी मोठ्या तोंडाने आप्पांचं नाव सुचवलं.

त्याच संध्याकाळी मामीचा फोन आला. "सुमन, पेन खरा निंघना तं जाई वं. खोटा निंघना तं ऱ्हाई." मुलांना ती काही बोलणार नव्हती. बोलायची सवयच नव्हती तिला. मला स्वतःच्या तोंडाला कुलूप लावावंसं वाटलं. जगातल्या सगळ्या माणसांत, जो पेनाबद्दल खोटं बोलणार नाही असा एकच माणूस मी शोधून दिला होता.

कळसाडीला जाताना आप्पांच्या जीपमध्ये मी विषय काढून पाहिला. "आप्पा, मामीचा जीव आहे हो त्यात..."

"जनावर दखाना पहिले कोनी बोलो नका," आप्पा म्हणाले.

ओसरीवर सगळं घर जमलं होतं. मामी कोपऱ्यात सूप घेऊन लाल मिरच्यांची देठं खुडत बसली होती, मान खाली. सूनबाईने स्टीलच्या ताटात रुमालावर ठेवून पेन आणलं. टोपणावरच्या तिन्ही कड्या पांढऱ्या लख्ख चमकत होत्या.

"कोनी घासं?" आप्पांनी विचारलं.

"मी," सूनबाई कौतुकाने म्हणाली. "चिंच लाईसन."

आप्पांनी डोळे मिटले. घासल्यावर अशी पांढरी उजळते ती चांदीच, एवढं मलाही कळत होतं. आप्पांचे कान लालबुंद झाले होते. मी मनात म्हटलं, संपलं. आजा सापडला, आणि मामीचं पेन गेलं.

मग त्यांनी पेन चोळलं, नाकाशी नेलं, जोरात हुंगलं, आणि अशी शिंक दिली की दारातली शेळी दावं तोडायला निघाली. एक, दोन, तीन, चार... सात शिंका झाल्या. हिरामणने पाणी दिलं. डोळे पुसत आप्पांनी निबला भिंग लावलं. किती वेळ पाहत होते, देव जाणे. एकदा त्यांनी मान वर केली आणि मामीच्या बोटांकडे पाहिलं. पुन्हा निबकडे.

"नकली शे," ते म्हणाले.

"पक्कं?" गोकुळने विचारलं.

"कड्या डुप्लिकेट, दात डुप्लिकेट. खेळणं शे."

"आप्पांनी सांगं म्हणजे सरनं," हिरामण उठला. गोकुळने मोबाईलमधले फोटो तिथेच पुसून टाकले. दोघांच्याही चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं दिसत होतं. आप्पांनी पेनाला टोपण लावलं आणि ते ना थोरल्याच्या हातात दिलं, ना धाकट्याच्या. वाकून मामीच्या सुपात, मिरच्यांवर ठेवलं. मामीने पदराने ते पुसलं आणि पोलक्यात सरकवलं.

येताना आप्पांनी केळीच्या बागेजवळ जीप थांबवली.

"आजा व्हता, ताई," ते म्हणाले.

"मग खोटं का बोललात?"

त्यांनी सांगितलं ते असं. लिहिणाऱ्याचा हात जसा पडतो तशी निबची अणी झिजते. मामीकडच्या निबवर एक जुनी झीज होती, तिरपी, दणकट. आणि तिच्यावर चढलेली दुसरी, ताजी, हलक्या आणि कापऱ्या हाताची. "पहिला हात तुम्हना मामाना. दुसरा आते चाली ऱ्हायना. आनि पेनना अंगले मिरचीना वास. तो हात मिरच्या खुडस."

मामीने नंतर मला सांगितलं, मामा गेल्यापासून ती दुपारी, सगळे शेतात गेले की, मामांच्या वहीत रोजची ओळ पुढे लिहीत होती. पोटच्या मुलांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आप्पांना ते निबवर दिसलं.

"एकेचाळीस पेन शेतस मन्हाकडे," आप्पा म्हणाले. "हरेकवर कोन्हा तरी हात शे. मन्हा एकावरबी नही." मग रुमालाने डोळे पुसले आणि मिरचीला एक कचकचीत शिवी दिली. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला.

हल्ली आप्पा दर महिन्याला कळसाडीला जातात. मामीच्या म्हशीला बघायला, असं सांगतात. म्हैस ठणठणीत आहे. मामीने परवा फोनवर सगळा कार्यक्रम सांगितला. "म्हैसकडे दखतबी नही. पेन धुई देस, शाई भरी देस, च्या पिस. मंग माले वही वाचाले लावस. 'आज केळीले पाणी दिधं. गोकुळनी पोरले ताप उना.' हां हां करत ऐकी लेस. आनि 'आज डॉक्टर उना, दोन कप च्या पिधा' हाई ओळ उनी का म्हनस, काकी, आखो एकदाव वाचा ना."

"मग?" मी विचारलं.

"मंग मी आखो वाचस," मामी म्हणाली. "मन्हं काय जास?"