एकशे सतरा नंबरचा बिल्ला

परीक्षेच्या बाकावर बसलेल्या सेवकरामला घाम फुटला होता. जमिनीच्या पोटात शिरून सत्तावीस वर्षं त्याने मँगनीज काढलं, पण खाली त्याला असा घाम कधी आला नव्हता. तुमसरकडच्या त्या खाणीचा नियमच होता. दर पाच वर्षांनी प्रत्येकाने सुरक्षेचं प्रशिक्षण नव्याने घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र मिळवायचं. प्रमाणपत्र नाही तर खाली उतरणं बंद. सेवकरामच्या जुन्या प्रमाणपत्राची मुदत आज संपत होती. आज हुकलं तर पुढची तुकडी बसेपर्यंत सहा महिने वरच्या ढिगाऱ्यावर खडे निवडायचे. निम्म्या पाळीला ज्याने काम शिकवलं, त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

प्रशिक्षण देणाऱ्या मेघा मॅडम साकोलीच्या. वय सव्वीस, आवाज बारीक, पण नियमाला पक्क्या. लेखी पेपर झाला होता, आता तोंडी चालली होती.

"काका, पितळी बिल्ल्याचा नियम सांगा."

हे तर सेवकरामने झोपेतही सांगितलं असतं. "खाली जातानी बोर्डावरचा आपला बिल्ला घ्याचा, वर आल्यावर तिथंच अडकवाचा. ज्याचा खिळा रिकामा, तो मानूस खालीच हाय असं समजाचं." मग त्याला जरा रंग चढला. "एखादा येडा बिल्ला खिशात घालून घरी जाते, अन् त्याच्यापायी सारी खान पालथी घालाव लागते."

"शाबास," मेघा मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात दिवे आणि बिल्ले ठेवायच्या खोलीवरचा चिंधू धापा टाकत दारात आला. "म्याडम, कालच्या पाळीचा एक मानूस वर नाई आला. एकशे सतराचा खिळा रिकामा हाय. सायरन वाजवू काय?"

रिकामा खिळा दिसताच तो धावत सुटला होता. नंबर कोणाचा हे पाहायला थांबला नव्हता. सेवकरामला मात्र पाहायची गरज नव्हती. एकशे सतरा त्याचाच.

झालं असं होतं की आज खंडेनवमी. घरोघरी हत्यारांची पूजा. त्याच्या बायकोने, ललिताबाईने, परवाच सांगून ठेवलं होतं, "इळा-कुऱ्हाड तं वावराची झाली. पोट तं खान बी भरते. तिचं काईतरी आना." टोपी आणि दिवा घरी नेता येत नाही, म्हणून काल सेवकरामने बिल्ला खिशात टाकला. उद्या दिवसभर वर्गातच बसायचं, बिल्ला लागतो कोणाला, असा त्याचा विचार. हे सारं त्याने खाली मान घालून सांगितलं.

"सायरन नको. माणूस समोर बसून आहे," मेघा मॅडम म्हणाल्या. "पण काका, रजिस्टरप्रमाणे तुम्ही खाणीत आहात. खाणीतल्या माणसाची परीक्षा मी वर कशी घेऊ? चारपर्यंत बिल्ला बोर्डापाशी आला, तरच पेपर धरते."

सेवकरामने घरी फोन लावला. "अवं, तो बिल्ला घेऊन ये लवकर."

"कसा आनू? पूजेत मांडला. दसऱ्याले उत्तरपूजा होईस्तोवर मांडलेलं हत्यार हलवाचं नसते."

"ते हत्यार थोडीच हाय?"

"मंग पूजेत मांडाले काहून आनलं?"

याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

"मी सहा महिने खडे निवडू काय?"

"निवडा. पन अर्ध्या पूजेतून उचललं, अन् तुमाले खाली काई झालं, तं मी कोनाले इचारू?"

सत्तावीस वर्षांत सेवकराम वर आल्याचं कळल्याशिवाय ही बाई एकदाही जेवली नव्हती. तिचा राग यावा तरी कसा? पण खड्यांचा ढीगही डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी मेघा मॅडमनी फोन घेतला. "काकू, बिल्ला पूजेतून काढू नका. पूजाच घेऊन या."

पावणेचारला शेजारच्या गोलूचा ऑटो फाटकात शिरला. मांडीवर पाट, पाटावर विळा, कुऱ्हाड, झेंडूची फुलं आणि मधोमध कुंकू लावलेला बिल्ला घेऊन ललिताबाई आत बसली होती. तीन किलोमीटरला एक तास लागला होता. प्रत्येक खड्ड्यापाशी तिने गोलूला खाली उतरवून ऑटो हाताने ढकलायला लावला होता. बिल्ला तसूभरही सरकला नव्हता. चिंधूने पाट जपून बोर्डाखाली ठेवला आणि मेघा मॅडमनी रजिस्टरात लिहिलं, एकशे सतरा, वर आला. सेवकरामचे डोळे भरून आले.

पेपर धरला गेला. पंचाहत्तर गुण. मेघा मॅडमनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला आणि सहीसाठी पेन उघडलं, तोच चिंधू पुन्हा दारात.

"म्याडम, चारची पाळी वर आली. पहिल्यानं पूजा पाह्यली, हात जोडले अन् आपला बिल्ला पाटावर ठेवला. मांगच्यानं बी ठेवला. त्रेसष्ट बिल्ले झाले. काकी एकेकाले कुकू लावून राहिली, अन् आता उद्यापर्यंत हात लावू देत नाई म्हनते."

"मग बोर्डावर?"

"एक बी नाई. पाळीची पाळी खालीच हाय. म्हनजे बाहीर उभी हाय, चहा पिऊन राहिली, पन खालीच हाय. सायरन वाजवू काय?"

मेघा मॅडमचं पेन कागदाच्या वर वीतभर थांबलं. सेवकरामने प्रमाणपत्र हळूच पेनाखाली सरकवलं.

"म्याडम," तो म्हणाला, "आधी सही करून घ्या. सायरनचं मंग पाहू."