चार सेकंदांचं कारण

आमचे शेजारी वैजिनाथराव यांच्या फाटकाला कडी आहे, आणि कडी असूनही आतून एक धोंडा टेकवलेला असतो. आत जायचं तर फाटकावरून वाकायचं, धोंडा ढकलायचा, आत शिरायचं आणि तो परत जागेवर ठेवायचा. माझं पोट या कसरतीच्या विरोधात आहे. म्हणून एका रविवारी मी ठरवलं, हा प्रश्न कायमचा सोडवू.

खिडकीतून त्यांच्या पत्नी कमलवहिनी म्हणाल्या, "भावजी, तो धोंडा..."

"काढतो की, वहिनी. तुम्ही बसा," म्हणत मी तो पायानं लोटत लोटत नालीत सोडला. त्या पुढं काही म्हणत होत्या, पण तोवर मी खुर्चीत बसून पेपर उघडलाही होता. दहा मिनिटांत गल्लीतली उस्मानाबादी शेळी दोन करडांना घेऊन आत आली आणि कढीपत्त्याचं झाड बुडखा तेवढा ठेवून खाऊन गेली.

वैजिनाथराव रागावले नाहीत. त्यांनी मला फाटकापाशी नेलं आणि आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला: 'धोंडा हलवू नये. कारण: शेळीला कडी उघडता येते. धोंडा हलवता येत नाही.'

"अहो, मग हा कागद बाहेरून लावायचा."

"बाहेरून लावला तर शेळी वाचंल की," ते गंभीरपणे म्हणाले. "गुरुजी, काय केलंय ते दिसतंय. का केलंय ते लिहावं लागतं."

हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यांच्या घरात ज्या वस्तूला जीभ नाही तिला कागद आहे. घड्याळाखाली लिहिलंय: 'सात मिनिटं पुढं आहे. जाणूनबुजून. कारण: एसटी.' फ्रिजवर लिहिलंय: 'भिंतीला चिकटवू नये. मागं पाल राहते. जागा गेली तर ती स्वयंपाकघरात येईल.' दिव्यांची बटणं सगळी खाली आणि दाराच्या डावीकडं आहेत. तिथं कागद आहे: 'मिस्त्रीची चूक नाही. डाव्या हाताला सोपं.' मी समजलो, वास्तुशास्त्र. अणदूरला पुतणीच्या लग्नात पत्रिकेचं काम यांच्याकडं आलं, तर 'जेवण मुहूर्ताच्या आधी' असं छापून खाली बारीक अक्षरात म्हणतात, 'कारण: मुहूर्त पाळला जाणार नाही.' नवऱ्याकडचे रुसले. मुहूर्त टळला तो टळलाच, पण वऱ्हाड तोवर जेवलेलं असल्यामुळं कुणी भांडलं नाही.

ही खोड त्यांना धंद्यातून लागली. पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम ते धाराशिवला घरी बसून करतात, आणि उरलेल्या वेळात आणखी दोघांबरोबर एक फुकटची लायब्ररी सांभाळतात. लायब्ररी म्हणजे तयार सुटे भाग, कुणीही उचलून आपल्या प्रोग्राममध्ये बसवावेत असे. त्या दोघांतली एक बाई कोचीची. दुसरा कुठला ते वैजिनाथरावांनाही ठाऊक नाही. प्रोग्रामच्या मजकुरात, म्हणजे कोडमध्ये, म्हणे माणसांसाठीही ओळी लिहिता येतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. यंत्र त्या ओलांडून जातं. वैजिनाथरावांचं खरं लेखन तिथं चालतं.

परवा त्यांनी मला बोलावून लॅपटॉप पुढ्यात सरकवला. चेहरा उतरलेला होता. "गुरुजी, तुमी मराठीचं माणूस. हे वाचा, पटतंय का सांगा. सहा वाजेपर्यंत धाडायचंय. मग इंग्रजीत करतो."

भानगड अशी होती. त्यांची लायब्ररी माणसाचं बोलणं ऐकून फोनला कळवते. माणूस किती वेळ गप्प राहिला म्हणजे त्याचं बोलणं संपलं समजायचं, हा त्यातला कळीचा आकडा. वैजिनाथरावांनी चार सेकंद ठेवला होता. बाकी दोघं म्हणत होते, लोक कंटाळतात, एक करा. संध्याकाळपर्यंत कारण पटलं नाही, तर एक होणार होता.

एका आकड्यासाठी एकतीस ओळींची कॉमेंट होती. मी मास्तरी सवयीनं लाल पेन शोधू लागलो. 'एका सेकंदात भागतं, हे खरं आहे. बातम्या देणाऱ्यांचं भागतं. लिलाव पुकारणाऱ्यांचं भागतं. परंतु थांबलेला माणूस संपलेला नसतो...'

"लई लांबलंय," मी म्हणालो. "चार ओळी पुरे."

तेवढ्यात कमलवहिनी डाव्या हातात एक कप घेऊन आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात तेव्हापासून नावापुरता. शब्द येतात, पण आपल्या सवडीनं. मी मदतीचा माणूस, दोन वर्षं त्यांची वाक्यं मीच पुरी करतोय.

"भावजी, चहा..."

"घेतो की," म्हणून मी दोन घोट मारले. "फक्कड."

वहिनी तशाच उभ्या. वैजिनाथराव फरशीकडं बघत होते. वहिनींकडं बघितलं तर त्यांना घाई होईल, म्हणून.

"...त साखरेऐवजी मीठ पडलंय," वहिनी म्हणाल्या. "दुसरा आणते."

त्या हसत आत गेल्या. तिसरा घोट माझ्या तोंडात होता. तो गिळताना मला आधी तो धोंडा आठवला, मग बटणं.

"तिचं सगळ्यात लांब थांबणं साडेतीन सेकंदाचं," वैजिनाथराव हळू म्हणाले. "मोजलंय म्या. वरचा अर्धा, एखाद्या दिवशी थकली तर. एकाचं केलं तर फोन बी तिचं ऐकणार न्हाय. बहिणीला फोन लाव म्हणायचं असतं तिला, दुसरं काय."

"हे यात कुठं लिहिलंय?"

"घरातलं माणूस जगापुढं कशाला?"

"का केलंय ते लिहावं लागतं, तुम्हीच म्हणता ना."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोललो नाही, आणि मला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत. मग त्यांनी आतल्या दाराशी जाऊन विचारलं, "तुझं लिहू का गं यात?"

आतून काही येईना. आम्ही दोघं थांबलो.

"...लिहा," वहिनी म्हणाल्या. "पण मिठाचं नको."

त्यांनी बत्तिसावी ओळ घातली: 'माझ्या घरात एक माणूस साडेतीन सेकंद थांबून बोलतं. जे बोलतं ते ऐकण्यासारखं असतं.'

सहाला दहा कमी असताना ते इंग्रजीत होऊन गेलं. साडेसहाला कोचीच्या बाईचं उत्तर आलं: 'माझे वडीलही असेच बोलतात. चारच राहू द्या.' तिसऱ्यानं नुसता होकाराचा उभा अंगठा धाडला. वैजिनाथरावांनी लॅपटॉप मिटला आणि धोतराच्या सोग्यासारखं शर्टाचं टोक डोळ्यांना लावलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, मला..."

"कळलं. तुलाही भरून आलं असणार," मी म्हणालो.

तिनं निवडायची मेथी पुढं ओढून दोन काड्या खुडल्या. मग म्हणाली, "मला चार सेकंद नकोत. मी भराभर बोलते. दोन दिले तरी माझं भागेल."