सरण रचणारे हिराजीनाना

हिराजीनाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पोटाकडे. मग खांद्यांच्या रुंदीकडे. मनातल्या मनात काहीतरी अंदाज बांधतात आणि खुशीत सांगतात, "मास्तर, तुला आंब्याचं लाकूड पुरंल. तुझ्या मेव्हन्याला मात्र सुरूचं जाड लाकूडच लागंल." हे त्यांनी माझ्या मुलीच्या साखरपुड्यात सांगितलं, हातात पेढा धरून. मेव्हणा त्या दिवशी जेवला नाही.

आमच्या चौलकडच्या गावात कोणीही गेलं की सरण रचायला नाना. तो त्यांचा धंदा नव्हे. पोट चालतं घरामागच्या माडा-पोफळींवर. सरण ही हौस. खाली ओंडके, मध्ये नारळाची सुकी सोडणं, वर आडवी-उभी फाटी. कोणी मदतीला हात लावला की खेकसतात, "दाटी नको! हवा खेळली पायजे!" हेच तत्त्वज्ञान सगळीकडे. एकदा शेजारच्या नव्या जोडप्याचं भांडण सोडवायला गेले आणि दोघांना सांगून आले, "इतकं चिकटून रचलंत तर धूरच व्हनार."

कवटी फुटली की बाकीची मंडळी आंघोळीला घरी पळतात. नाना विझेपर्यंत थांबतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अर्धा जळलेला मानूस एकटा कसा टाकायचा?" बायको गेली तेव्हाही तसेच बसून होते. मूलबाळ नाही.

मध्यंतरी ओंडका उचलताना धाप लागून खाली बसले. हृदयाची एक झडप आकसली होती. नवी मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवली. सोबतीला मीच होतो. नाना बेहद्द खूश. "दार न उघडता आतली कौलं बदलली रे!" डॉक्टर तपासून वळले, तर त्यांना पाठमोरं न्याहाळून माझ्या कानात म्हणाले, "सुका हाय. पटकन व्हईल."

घरी येऊन आठवडा झाला नसेल, अंगणात सुपाऱ्या सोलता सोलता ते आडवे झाले. मी धावलो, मनगट धरलं. एक ठोका लागला आणि मग काहीच नाही. मी वेड्यासारख्या हाका मारत राहिलो, तेव्हा कुठे पुढचा आला. इस्पितळापर्यंत हाच खेळ. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

डॉक्टरांनी समजावलं. हृदयाला ठोक्याचा हुकूम देणारी वीज त्या झडपेच्या शेजारूनच खाली जाते. नव्या झडपेचा दाब त्या वाटेवर पडलाय आणि हुकूम पोचत नाही. ठोके चालू ठेवायला मानेतल्या शिरेतून तार घातली होती, पण ती तात्पुरती. कायमचा पेसमेकर बसवायलाच हवा, नाहीतर हृदय कधीही थांबेल.

"न्हाय," नाना म्हणाले. "बॅटरीवर चालायला मी काय टॉर्च हाय?"

डॉक्टर गेल्यावर मी चिडलो. "मरायचंय का तुम्हाला?"

नानांनी बाही वर केली. कोपराजवळ भाजल्याचा जुना डाग. तो कसा पडला ते मला ठाऊक होतं. मुंबईहून एका साहेबांचं प्रेत गावी आणलं होतं. त्यांच्या छातीत पेसमेकर आहे हे कोणीच बोललं नाही. अग्नी दिला आणि थोड्या वेळाने सुरुंगासारखा बार झाला. निखारे उडाले. मयत उठलं म्हणून अख्खं गाव खाडीपर्यंत पळालं. मीही पळालो, चपला सोडून. जागचे हलले नाहीत ते फक्त नाना.

"अहो, ते यंत्र आधी काढून घेतात," मी म्हटलं.

"काढतात, सांगनारा असला तर. त्या साहेबाला दोन पोरगे व्हते. कोनाला आठवलं? माझ्यामागं तर कोनच न्हाय." बाही खाली करत म्हणाले, "आनि माझ्या वेळी शेवटपर्यंत जवळ कोन थांबनार? तूच ना? बार व्हऊन निखारा तुझ्या डोळ्यात गेला म्हंजे?"

माझे डोळे वाचावेत म्हणून हा माणूस स्वतःचं हृदय बंद पडू द्यायला निघाला होता. आणि शेवटी थांबणारा म्हणून त्याने मला धरून टाकलं होतं, न विचारता. मला सरळ रडू आलं.

"बसवून घ्या," मी म्हटलं. "काढायला मी सांगेन. आणि थांबेनही."

"विझेपर्यंत?"

"विझेपर्यंत."

"पावसात लई वेळ लागतो, मास्तर."

"लागू दे."

त्यांनी नर्सला हाक मारली, कागद मागितला आणि सावकाश सही केली. मग उशीवर डोकं टेकून म्हणाले, "छत्री आन पन. भिजलास की तुझी छाती लगेच भरते."