अण्णांच्या कप्प्यातली निळी गोळी

गेली सव्वीस वर्षं मी सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. माझ्या गोदामातून एक वायसर जरी इकडचा तिकडे झाला तर मिशी उतरवीन, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलेलं आहे. आणि मिशी अजून जागच्या जागी आहे!

हीच शिस्त मी घरातही आणली. आमच्या घरी कुठलाही डबा उघडायचा तर माझा नियम पाळूनच. जुना माल आधी, नवा माल नंतर! साबण असो, चहापत्ती असो की औषध, मागे राहिलेली जुनी बाटली पुढे ओढायची आणि आधी ती संपवायची. बायको पहिली दहा वर्षं कुरकुरली, पण आता तिच्या हाताला तसं वळणच पडलंय. माझे सासरे, म्हणजे अण्णा, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. तेसुद्धा दाढीचं जुनं ब्लेड बोथट होईपर्यंत सोडत नाहीत. सांगायचा मुद्दा असा, की पुढे जे रामायण घडलं ते बेशिस्तीमुळे नाही घडलं. शिस्तीमुळेच घडलं!

तर झालं असं. गेले आठ महिने माझी जरा अडचण होती. कसली ते तुम्ही ओळखलंत. पुरुष माणूस बावन्न वर्षांचा झाला आणि "अडचण" म्हणताना आवाज खाली आणू लागला की ओळखायचं. बायकोपुढे मी पाठदुखीचं निमित्त केलं. ती बिचारी रोज पाठीला मलम चोळायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. फार वाईट वाटायचं हो! पण सांगायला तोंड उघडायचं नाही.

शेवटी हिय्या केला आणि डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर निघाल्या बाई! मी म्हटलं, "पाठ दुखते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. आता खरं सांगा."

मग सगळं सांगितलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला, चालू असलेली सगळी औषधं विचारली आणि चार गोळ्या लिहून दिल्या. "तासभर आधी घ्यायची. दिवसातून एकच. भरपेट तेलकट जेवणावर नको, दारूवर तर नकोच. डोकं दुखेल, चेहरा लाल होईल, घाबरू नका. पण चार तास झाले तरी गडी खाली बसायला तयार नसेल, तर लाजत घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसानं तर हिला शिवायचंसुद्धा नाही. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस हाती लागत नाही. म्हणून दुसऱ्या कुणाला द्यायची नाही आणि वेष्टनातून काढून ठेवायची नाही. आणि हो, बायकोला सांगा!"

सगळ्या सूचना मी मान डोलावून ऐकल्या. फक्त शेवटच्या दोन तेवढ्या पाळल्या नाहीत.

बायकोला सांगायचं म्हणजे आधी पाठीचं खोटं उघडं पडणार! आणि वेष्टनावर नाव छापलेलं. म्हणून चारही गोळ्या फोडल्या, औषधांच्या कपाटात अगदी मागे जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक जुनी, अर्धी संपलेली बाटली होती, तिच्यात टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं. माझ्या मते जगातली सगळ्यात सुरक्षित जागा!

रविवारी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर ती बाटली टेबलावर. कपाटात नाही, टेबलावर! आणि तिच्याशेजारी अण्णांची सात कप्प्यांची डबी. दर रविवारी बायको तिच्यात आठवड्याच्या गोळ्या भरते. जीवनसत्त्वाची गोळी अण्णांनाही चालू आहे, नवी बाटली तिथंच होती. पण जुना माल आधी!

मी बाटली उघडली आणि निळ्या तेवढ्या वेचल्या. मोजल्या. तीन! पुन्हा मोजल्या, बाटली उलटी करून आपटली. तीनच! डबीतला रविवारचा कप्पा पाहिला. रिकामा!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण अण्णांना हृदयाचं दुखणं आहे, आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची छोटी बाटली त्यांच्या खिशात सदैव असते. निळी गोळी पोटात गेली असेल आणि तीही जिभेखाली गेली, तर आटोपलंच! आणि मारेकरी कोण? सख्खा जावई!

"अण्णा!" घरात कुणी नाही. बायको नाही. तिला फोन लावला तर तो स्वयंपाकघरातच वाजला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, "बुद्धिबळ, अंतिम सामना, दहा वाजता." घड्याळात सव्वादहा.

पायात जे सापडलं ते अडकवून मी धावत सुटलो. ज्येष्ठांचा क्लब वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. धावता धावता डॉक्टरबाईंना फोन लावला. "डॉक्टर, ती गोळी... माझे सासरे... हृदय..." एवढंच निघालं आणि दम लागला.

"काय? नीट ऐकू येत नाहीये!" म्हणाल्या आणि फोन कटला.

वर पोचलो तर हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. वीस-पंचवीस म्हातारे गोल करून उभे. मधे पट. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला निवृत्त पोस्टमास्तर. आणि पोस्टमास्तरांनी नेमका त्याच क्षणी अण्णांचा वजीर उचलला!

अण्णांचा चेहरा पडला. हात खिशाकडे गेला. बाटली बाहेर आली.

मी झेप घेतली. तीन प्यादी, एक उंट आणि पोस्टमास्तरांचा चष्मा घेऊन मी पटावर आडवा झालो, पण बाटली हिसकावली!

"अहो जावईबापू! हे काय?" अण्णा ओरडले.

"अण्णा, छातीत दुखतंय का? खरं सांगा!"

"तू अंगावर पडलास तिथं दुखतंय!"

"सकाळी गोळ्या घेतल्यात?"

"लेक हातावर ठेवते, मी गिळतो. चहाबरोबर काहीतरी गिळलं खरं."

"निळी होती?"

"चष्मा लावून गोळी गिळतं का कुणी?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. घाईत कुठं बोट लागलं कुणास ठाऊक, स्पीकर चालू झाला आणि डॉक्टरबाईंचा खणखणीत आवाज सबंध हॉलभर घुमला. "हॅलो! तुमची ती ताठरतेची गोळी सासऱ्यांनी घेतली का?"

पंचवीस माना माझ्याकडे वळल्या.

"मा... माहीत नाही."

"मग घेतली असंच धरून चालायचं! चोवीस तास जिभेखालची गोळी अजिबात द्यायची नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा आणि त्यांना ही गोळी पोटात गेल्याचं स्पष्ट सांगा. लाजू नका! आत्ता त्यांना काही होतंय?"

"अहो, मला काही होत नाहीये!" अण्णा फोनच्या दिशेनं ओरडले.

"छातीत नाही दुखत, तर मग बाटली कशाला काढलीत?" मी विचारलं.

अण्णा सांडलेली प्यादी वेचू लागले. उत्तर दिलं पोस्टमास्तरांनी, जमिनीवर चष्मा चाचपत. "हरायला लागला की काढतो! पटाशेजारी ठेवतो, म्हणजे समोरचा घाबरून हातातला डाव सोडून देतो. सहा वर्षं हेच चाललंय!"

"डॉक्टर," मागून एक बारीक आवाज आला, "मित्राकडची अर्धी गोळी घेतली तर चालते का हो?"

"कोण बोलतंय? मित्राची गोळी मित्राच्या तब्येतीची असते! आधी तपासून घ्या."

"आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर?" दुसरा. "मी जाहिरातीतली मागवली होती," तिसरा. बुद्धिबळ राहिलं बाजूला, माझ्या फोनभोवती रांग लागली! माझं मात्र कशातच लक्ष नव्हतं. मी अण्णांचं मनगट धरून नाडी मोजत बसलो होतो, आणि मोजताना दर वेळी आकडा चुकत होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच!

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बायको आत आली. हातात कागदाची पुडी. "बाबा, या तुमच्या सकाळच्या गोळ्या. उशीर झाला." मग मला पाहिलं. "अहो, तुम्ही इथं काय करताय?"

"यांना... यांना ती निळी..."

तिनं दुसऱ्या हाताची मूठ उघडली. तळहातावर चौथी निळी गोळी!

"जीवनसत्त्वाच्या बाटलीतून ही निघाली. मी म्हटलं, रंग वेगळा, आकार वेगळा. तुम्हीच म्हणता ना, शंका आली की माल वापरायचा नाही, नमुना तपासून घ्यायचा? सगळा कप्पा रिकामा केला आणि औषधाच्या दुकानात दाखवून आले. चहाबरोबर बाबांना फक्त आम्लपित्ताची दिली होती."

मी तिथंच खाली बसलो आणि चारचौघांत रडलो. खरंच रडलो! फोनमधून डॉक्टरबाईंनी सोडलेला सुस्कारासुद्धा ऐकू आला.

बायको माझ्याशेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "औषधवाल्यानं सांगितलं कसली गोळी ते. मग आठ महिने मी मलम चोळतेय ते कुठल्या दुखण्याला?"

"लाज वाटली गं."

"आणि मी काय समजत होते ठाऊक आहे? माझाच कंटाळा आला म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड करता!" मी तिचा हात धरला, तो जिना उतरेपर्यंत सोडला नाही.

परतताना ती जरा पुढे गेली तेव्हा अण्णा माझ्या कानाशी आले. "ऐक. मीसुद्धा विचारली होती ही गोळी, तुझी सासू असताना. डॉक्टर म्हणाले, तुमच्या हृदयाला चालायची नाही. मी तोंड पाडून घरी आलो आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं विचारलंत, मला तुम्ही जिवंत हवेत. आणि चहा टाकला. एवढंच! तू उगाच आठ महिने पाठ दुखवून घेतलीस."

यावर जावयानं कसा चेहरा करायचा असतो ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी मान खाली घातली. तेव्हा दिसलं, माझ्या एका पायात माझा बूट होता आणि दुसऱ्या पायात बायकोची गुलाबी फुलांची सपात! त्या हॉलमध्ये अर्धा तास मी तसाच मिरवत होतो आणि पंचवीसांतल्या एकानंही हटकलं नाही. मंडळींना वाटलं असणार, हाही गोळीचाच परिणाम!