जवाब आला की लाइन चालू

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत दिवेलागणीला कुणी बेल वाजवून "एकशे तीन, हाय का?" असं ओरडलं तर पाहुण्यांना घाबरायचं कारण नसे. ते बिराजदार अण्णा. आतून "आहे" असा आवाज आला की ते "आयतु" म्हणायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे. आयतु म्हणजे कानडीत 'झालं'. अण्णा मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळे मराठीतून कानडीत कधी शिरले ते त्यांनाही कळत नाही. एकदा मी कौतुकाने दार उघडून "या की, बसा" म्हणालो, तर गडी वैतागलाच. "सर, जवाब आला, लाइन चालू. पुढचा नंबर थांबलाय की!"

अण्णांची सगळी नोकरी एका साखर कारखान्यात पीएलसी सांभाळण्यात गेली. पीएलसी म्हणजे यंत्रांवर हुकूम चालवणारा कॉम्प्युटर. मी शाळामास्तर, मला हे कळून काय करायचंय? पण त्यांनी जिन्यात अडवून शिकवलंच. एकाच केबलवर पंप, व्हॉल्व्ह, तापमान मोजणारे सेन्सर असे सगळे ओळीने जोडलेले. प्रत्येकाला नंबर. पीएलसीने एकेकाला हाक मारायची, ज्याला हाक मारली त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. याला म्हणे पोलिंग म्हणतात. वेळेत जवाब आला नाही तर टाइमआउट, लाल दिवा. "सगळे एकदम बोलले तर केबलवर नुस्ता कालवा हुतंय, सर."

ही शिस्त त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणली आणि ती मीटिंग पहिल्यांदाच जेवणाच्या वेळेआधी संपली. सेक्रेटरी मात्र पाण्याच्या टाकीवर तेच तेच बोलत राहिले. अण्णा माझ्या कानाशी आले. "केबलच्या टोकाला रेझिस्टर लागतो, न्हायतर सिग्नल आपटून माघारी येतंय. ह्यांचा रेझिस्टर कुणीतरी काढून ठिवलाय." मला हसू दाबता दाबता ठसका लागला.

अण्णांच्या घरातही तोच कारभार. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, विचारल्याशिवाय बोलत नसत. लेक गिरिजा लग्न होऊन पुण्याला गेलेली. सोसायटीची फेरी झाली की अण्णांचा तिला फोन. "गिरिजा, ठीक हाय का?" "ठीक." "आयतु." संपला फोन. "अहो, लेक आहे का पंप?" असं मी चिडवायचो. त्यावर त्यांची छाती फुगायची. "लग्न झाल्यापास्नं एकदा बी टाइमआउट न्हाय, सर!"

गेल्या महिन्यात मी कामासाठी पुण्याला निघालो, तेव्हा अण्णांनी गिरिजासाठी पिशवी दिली. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या. पत्ता शोधत गेलो. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. "ती इथे राहत नाही. दिवाळीच्या आधीच गेली," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. फोनवर हे सांगायचा मला धीर झाला नाही. पिशवी तशीच परत आणली.

"घर सापडलं न्हाय का?" अण्णांनी विचारलं. मी चाचरत सगळं सांगितलं.

"असं कसं? काल तर ठीक म्हणाली की!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. अण्णांनी वळून पाहिलं.

"तुला ठाऊक हुतं?"

"व्हय. लई तरास दिला तितं तिला. आता खोली घेऊन ऱ्हातीया, नोकरीबी लागलीया."

"मग मला बोलली का न्हाईस?"

"तुमी विचारलंत कवा?"

काकू रागाने बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून बेल वाजायची बंद झाली. इतकी वर्षं त्या बेलची टिंगल केली आणि आता संध्याकाळ झाली की माझाच कान दाराकडे. शेवटी काल मीच वर गेलो. अण्णा सोफ्यावर फोन मांडीवर घेऊन बसले होते. आज पोरीशी नीट बोलायचंच असं ठरवलंय, म्हणाले. मला शेजारी बसवलं, स्पीकर लावला.

"गिरिजा, ठीक हाय का?"

"ठीक, अण्णा."

आणि फोन बंद. अण्णांचं तोंड पुढचं बोलायला उघडलेलं, तसंच राहिलं.

"मला कळलंय, हे बी तिला कळलंय," ते म्हणाले. "तरी ठीक म्हणती आन् ठेवती. रोज. मीच लावलेली सवय हाय, तिला काय बोलू?"

या माणसाला मी इतकी वर्षं नुसता हसत आलो होतो. काही बोलणार तोच त्यांनी पुन्हा नंबर लावला. रिंग जाऊ लागली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सर, तुमाला दोन पोरी हायत. लवकर सांगा की. ठीक हाय का, हे सोडून पोरीला आनिक काय विचारत्यात हो?"